उघड्या नोंदवहीतली सबडोमेन्स

2017 च्या उन्हाळ्यात लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत हानो ब्योक या जर्मन पत्रकाराने एक हल्ला समजावून सांगितला. एखादा माणूस नवी वेबसाइट उभी करतो. होस्टिंगच्या जागेवर वर्डप्रेसच्या फायली चढवतो. त्या नावाचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट होस्टिंगवाल्याची यंत्रणा आपोआप मिळवून देते. आता ब्राउझर उघडायचा, डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड आणि ॲडमिनचं नाव भरायचं, की साइट तयार. पण हा शेवटचा फॉर्म भरायचं काम तो संध्याकाळवर ढकलतो. तेवढ्यात भलतंच कोणी तो फॉर्म भरून मोकळं होतं. फॉर्ममध्ये स्वतःच्या डेटाबेसचा पत्ता घालून ते ॲडमिन म्हणून आत शिरतं, प्लगिनच्या रूपात आपला कोड सर्व्हरवर ठेवतं, फॉर्म पूर्वीसारखा करतं आणि निघून जातं. संध्याकाळी मालक साइट सुरू करतो. सर्व्हर आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेला आहे, याचा त्याला पत्ताही नसतो.

त्या तिऱ्हाइताला साइटचं नाव कळलं कुठून? जाहिरात झालेली नव्हती, गूगलमध्ये नोंद नव्हती, कुठे लिंकही नव्हती. नाव कळलं ते सर्टिफिकेटमुळे. आज जगातले प्रमुख ब्राउझर मान्य करतात असं जवळपास प्रत्येक सर्टिफिकेट दिलं जाताना एका सार्वजनिक नोंदवहीत चढतं. ही वही कोणीही वाचू शकतो, तीही नोंद पडल्यापडल्या. सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी हे त्या व्यवस्थेचं नाव. ती उभी राहिली सर्टिफिकेट देणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी, पण तिच्यामुळे कोणत्याही संस्थेची सबडोमेन्स शोधण्याचा सर्वांत सोपा मार्गही खुला झाला. मुख्य नावाच्या आधी 'मेल', 'टेस्ट', 'व्हीपीएन' असे शब्द जोडून जी उपनावं तयार होतात ती ही सबडोमेन्स. ही वही कशी आली, तिच्यातून काय काय निघतं, ते कोणाच्या उपयोगाला येतं आणि साइटच्या मालकाने त्याचं काय करायचं, याचा हा आढावा.

विश्वासाला पडलेलं भगदाड

ब्राउझरच्या पट्टीत कुलपाची खूण दिसते तेव्हा ती एका साखळीवर उभी असते. 'हा सर्व्हर खरोखर याच नावाचा आहे' असं एक संस्था सही करून सांगते आणि त्या संस्थेवर ब्राउझरचा विश्वास असतो. अडचण अशी की अशा कोणत्याही एका संस्थेला जगातल्या कोणत्याही नावाचं सर्टिफिकेट देता येतं. साखळीतली एक कडी फुटली की साऱ्यांनाच धोका.

2011 साली हे दोनदा दिसलं. मार्चमध्ये कोमोडो या कंपनीच्या इटलीतल्या एका भागीदाराच्या खात्यातून गूगल, याहू, स्काइप अशा नावांची नऊ बोगस सर्टिफिकेटं काढली गेली. त्यानंतर नेदरलँड्सची डिजीनोटार ही कंपनी हॅक झाली. 10 जुलैला तिच्या यंत्रणेतून गूगलच्या सगळ्या सबडोमेन्सना लागू पडेल असं एक सर्टिफिकेट निघालं आणि ते इराणमध्ये लोकांचं जीमेल मधल्यामध्ये वाचण्यासाठी वापरलं गेलं. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका जीमेल वापरणाऱ्याला क्रोमने इशारा दिला, तेव्हा हे बाहेर फुटलं. गूगलच्या साइट्सना कोणत्या किल्ल्या चालतात ते क्रोममध्ये आधीच नोंदवलेलं होतं, म्हणून हे शक्य झालं. फॉक्स-आयटी कंपनीने केलेल्या चौकशीत पाचशेहून जास्त बोगस सर्टिफिकेटं सापडली. सुमारे तीन लाख आयपी पत्त्यांवरून ते खोटं सर्टिफिकेट पाहिलं गेल्याचंही दिसलं, आणि त्यातले जवळजवळ सगळे पत्ते इराणमधले होते. सप्टेंबरमध्ये डिजीनोटारचं दिवाळं निघालं.

यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मधल्या काळाची होती. जवळपास सात आठवडे ते सर्टिफिकेट चालू होतं आणि ज्याच्या नावाचं होतं त्या गूगललाच ते अस्तित्वात असल्याची कल्पना नव्हती. तशी ती येण्याचा मार्गच नव्हता.

भारतालाही हा अनुभव 2014 साली आला. नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या अधिकारातून गूगलच्या काही नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलला 2 जुलैला आढळलं. या केंद्रावर सही होती भारत सरकारच्या सर्टिफिकेट नियंत्रकाची, म्हणजे सीसीएची, आणि सीसीएचं मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये मान्यताप्राप्त होतं. दुसऱ्याच दिवशी सीसीएने केंद्राचे अधिकार रद्द केले. सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाला होता आणि चुकीची सर्टिफिकेटं चार होती, असं सीसीएने कळवलं. गूगलला मात्र त्याहून जास्त दिसली होती. शेवटी क्रोमने सीसीएचा अधिकार मोजक्या भारतीय नावांपुरता मर्यादित केला. 'जीओव्ही डॉट इन', 'एनआयसी डॉट इन', 'एसी डॉट इन' ही त्यांतली काही. चार की जास्त, या प्रश्नाचा निकाल लावायला तेव्हा सर्वांना उघडी अशी एकही पूर्ण यादी नव्हती.

वही कशी चालते

गूगलमधल्या बेन लॉरी, ॲडम लँगली आणि एमिलिया कॅस्पर यांनी यावर तोडगा मांडला आणि जून 2013 मध्ये तो आरएफसी 6962 या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. कल्पना गावाकडच्या माणसाला लगेच पटेल. जमिनीचा फेरफार करायचा झाला तर नोटीस चावडीवर लागते, कारण ज्याचं नाव उताऱ्यावर आहे त्याला हरकत घेता आली पाहिजे. सर्टिफिकेटचंही तसंच. देणाऱ्याने ते आधी उघड्या वहीत नोंदवायचं, म्हणजे नावाच्या खऱ्या मालकाला ते दिसेल.

प्रत्यक्षात हे असं चालतं. सर्टिफिकेट देणारी संस्था आधी त्याचा एक कच्चा मसुदा तयार करते. वापरता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम एक खूण घातलेली असते. हा मसुदा दोन-तीन वेगवेगळ्या लॉगकडे जातो. लॉग म्हणजे ही नोंदवही चालवणारा सर्व्हर. लॉग सही केलेली पोच देतो. ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे 24 तासांत, नोंद वहीत पक्की करीन असं वचन त्या पोचेत असतं. या पोचा जोडून मग खरं सर्टिफिकेट तयार होतं. ब्राउझर त्या पोचा तपासतो आणि नसतील तर साइट उघडायला नकार देतो. क्रोमने 30 एप्रिल 2018 नंतर दिलेल्या सर्व सर्टिफिकेटांना ही अट घातली, ॲपलने त्याच वर्षी 15 ऑक्टोबरपासून. फायरफॉक्सने फेब्रुवारी 2025 मध्ये 135 व्या आवृत्तीपासून संगणकावर ही तपासणी सुरू केली.

वही चालवणाराच लबाड निघाला तर? त्याची तजवीज गणितात आहे. प्रत्येक नोंदीचा एक ठसा काढतात, दोन-दोन ठसे एकत्र करून त्यांचा पुन्हा ठसा, असं करत करत वर एकच 32 बाइटांचा ठसा उरतो. राल्फ मर्कल या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना 1979 पासूनची आहे. जुन्या एका नोंदीतलं एक अक्षर बदललं तरी वरचा ठसा बदलतो आणि लबाडी उघडी पडते. शिवाय दहा कोटी नोंदींच्या वहीत एखादी नोंद आहे हे सिद्ध करायला फक्त सत्तावीसेक ठसे पुरतात.

ही रचना किती काटेकोर आहे हे 2021 च्या जूनअखेरीस दिसलं. डिजीसर्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीच्या 'येती 2022' या लॉगमध्ये एका नोंदीतला एकच बिट उलटा झाला. कोणी काही केलं नव्हतं, यंत्राच्या स्मृतीत झालेला तो अपघात होता. पण चुकीचा ठसा सही होऊन जगजाहीर झाला होता आणि मागे जाऊन दुरुस्त करण्याची सोय या वहीत नाही. त्या एका बिटापायी अख्खा लॉग बंद करावा लागला.

नावं निघतात कशी

वही लॉगांमध्ये विखुरलेली आहे, पण ती एकत्र करून शोधायची सोय देणाऱ्या सेवा आहेत. सर्वांत जुन्या आणि लोकप्रिय सेवांपैकी एक सीआरटी डॉट एसएच. कोमोडोची सर्टिफिकेट शाखा आज सेक्टिगो नावाने ओळखली जाते, तिच्यातल्या रॉब स्ट्रॅडलिंग यांनी ती 2015 साली सुरू केली. 2011 ची ठेच लागलेल्याच कंपनीतून सगळ्यांच्या तपासणीचं साधन आलं, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिच्याबरोबर सेन्सिस आहे, एसएसएलमेट कंपनीचं सर्टस्पॉटर आहे. ॲमास आणि सबफाइंडर यांसारखी मोफत हत्यारं तर एका आदेशात अशा अनेक ठिकाणांहून नावं गोळा करतात.

शोधाची कृती अगदी थोडकी आहे. शोधाच्या चौकटीत टक्क्याची खूण, मग टिंब आणि मग मुख्य डोमेन लिहायचं. टक्क्याची खूण म्हणजे 'इथे काहीही चालेल'. क्षणभरात तक्ता समोर येतो: नोंद कधी पडली, सर्टिफिकेट कधीपासून कधीपर्यंत चालतं, कोणी दिलं, आणि त्यात कोणकोणती नावं आहेत. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा. एकाच सर्टिफिकेटात अनेक नावं लिहिता येतात, त्यामुळे एका ओळीत कधी दहा-वीस नावंही मिळतात.

एक काल्पनिक पतसंस्था घेऊ. तिची एकच साइट लोकांना ठाऊक आहे. तक्त्यात मात्र 'मेल', 'वेबमेल', 'सीपॅनेल' ही नावं दिसतात. सीपॅनेल वापरणाऱ्या होस्टिंगवर ती आपोआप सर्टिफिकेटात जातात, म्हणून ती जवळपास सगळीकडे असतात. त्याखाली 'यूएटी' दिसतं, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चाचणीला लावलेली जागा. मग 'व्हीपीएन', म्हणजे कर्मचाऱ्यांचा बाहेरून आत येण्याचा दरवाजा. मग 'ओल्ड', म्हणजे जुनी साइट, बहुधा कोणी अपडेट न केलेली. मग 'गिटलॅब' किंवा 'ग्राफाना', म्हणजे आत कोणतं सॉफ्टवेअर वापरतात तेही कळलं. संस्थेच्या एकाही संगणकाला हात न लावता, तिच्याकडे एकही विनंती न पाठवता, तिच्या यंत्रणेचा अर्धा नकाशा हाती येतो.

या मार्गाआधीही सबडोमेन्स शोधली जातच होती. नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे डीएनएस सर्व्हरची, रचना ढिली असेल तर त्याला पूर्ण यादीच मागता येई, पण असे सर्व्हर आता विरळा. हजारो नेहमीच्या शब्दांची यादी घेऊन एकेक नाव विचारून बघायचं हा दुसरा मार्ग. तो वेळखाऊ आहे आणि समोरच्याच्या सर्व्हरवर त्याच्या खुणा उमटतात. कल्पनेपलीकडचं नाव तर त्यात कधीच सापडत नाही. वहीत 'पुणे-शाखा-चाचणी-3' असलं कोणाला सुचणार नाही असं नावही आयतं मिळतं.

तक्ता वाचताना

आयतं मिळालं म्हणून ते जसंच्या तसं खरं धरायचं नसतं. तक्ता पहिल्यांदा पाहणाऱ्याला एकेका नावाच्या डझनभर ओळी दिसतात. यामागे दोन कारणं आहेत. मसुदा आणि खरं सर्टिफिकेट अशा दोन्ही नोंदी पडू शकतात. आणि मोफत सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेचं सर्टिफिकेट 90 दिवस चालतं, ते साधारण दर दोन महिन्यांनी नवं होतं आणि दर वेळी नवी नोंद पडते. म्हणून यादी उतरवून घेतल्यावर पहिलं काम पुनरावृत्ती काढणं.

दुसरं काम जिवंत आणि मेलेली नावं वेगळी करणं. सर्टिफिकेट निघालं होतं एवढंच वही सांगते. ते नाव आज चालतं का, हे डीएनएसला विचारूनच कळतं. पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या साइटचं नावही तक्त्यात तसंच असतं.

तिसरी सावधगिरी नात्यांबाबत. एका सर्टिफिकेटात दोन डोमेन शेजारी दिसली म्हणजे मालक एकच, असं नाही. क्लाउडफ्लेअरने बरीच वर्षं एकाच सर्टिफिकेटात एकमेकांशी काही संबंध नसलेल्या ग्राहकांची डझनावारी नावं घातली होती. त्यावरून नातं जोडणारा फसला असता.

आणि वहीत नसलेलंही बरंच असतं. संस्थेच्या स्वतःच्या खासगी यंत्रणेने दिलेली सर्टिफिकेटं तिथे येत नाहीत. ज्या नावावर सर्टिफिकेटच नाही तेही येत नाही. आणि मुख्य डोमेनपुढे तारका लावून सगळ्या सबडोमेन्ससाठी एकच वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घेतलं असेल, तर फक्त ती तारका दिसते. त्यामुळे हा तक्ता म्हणजे शोधाची सुरुवात आहे. पूर्ण यादी म्हणून त्यावर विसंबणं चूक.

वाचणारे कोण कोण

2018 साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या आणि इतर संस्थांमधल्या संशोधकांनी एक सापळा लावला. इतर कुठेही न उच्चारलेल्या, ओळखता न येणाऱ्या नावांची सर्टिफिकेटं घेतली आणि वाट पाहत बसले. काही मिनिटांत त्या नावांची डीएनएसकडे चौकशी सुरू झाली. म्हणजे वहीवर यंत्रं बसवून ठेवलेली आहेत आणि नवी नोंद पडताच ती दार ठोठावतात. ब्योक यांचा हल्ला कागदावरचा नव्हता, हे यातून स्पष्ट होतं.

दुसरा धोका सोडून दिलेल्या नावांचा. कंपनीने दिवाळीच्या मोहिमेसाठी 'ऑफर' नावाचं सबडोमेन एखाद्या क्लाउड सेवेकडे वळवलं. मोहीम संपली, क्लाउडवरची जागा सोडली, पण डीएनएसमधला तो रोख तसाच राहिला. ती सोडलेली जागा दुसऱ्या कोणी स्वतःच्या नावाने घेतली की कंपनीच्या नावाखाली त्याचं पान दिसू लागतं, खऱ्या सर्टिफिकेटसह. अशी नावं हुडकणाऱ्याला वहीसारखा खजिना नाही.

पण तीच वही राखणाऱ्यांच्याही हातात आहे. कंपन्यांनी जाहीर केलेल्या बग बाउंटी, म्हणजे त्रुटी दाखवणाऱ्याला बक्षीस देण्याच्या, योजनांमध्ये भारतीय तरुण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांचं काम इथूनच सुरू होतं. आधी सबडोमेन्सची यादी, मग विसरलेलं दार, मग कंपनीला कळवणं. बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन फसवणूक करणारे लोकही कुलपाच्या खुणेसाठी सर्टिफिकेट घेतात आणि ते वहीत चढतं. त्यामुळे 'केवायसी', 'लॉगिन', 'व्हेरिफाय' असे शब्द बँकेच्या नावाला चिकटवून आलेली डोमेन्स पहिला एसएमएस जाण्याआधीच हेरता येतात.

फेसबुकचा 2016 चा अनुभव या बाबतीत बोलका आहे. आपल्या एका डोमेनच्या सबडोमेन्सची दोन सर्टिफिकेटं लेट्स एन्क्रिप्टने दिल्याचं त्यांच्या देखरेखीत दिसलं. सुरक्षा विभागाला त्याची माहितीच नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की कंपनीतल्याच दुसऱ्या गटाने एका होस्टिंगवाल्यामार्फत ती घेतली होती. हल्ला नव्हता, पण नियमाबाहेरचं काम होतं आणि ते वहीमुळे समजलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेसबुकने आपलं देखरेखीचं साधन सगळ्यांना खुलं केलं.

नावं झाकावीत का?

आतली नावं जगाला का दाखवायची, हा आक्षेप पहिल्यापासून होता. सिमँटेक या तेव्हा सर्टिफिकेटं देणाऱ्या कंपनीने डेनेब नावाचा वेगळा लॉग उभा केला. त्यात सबडोमेनचा भाग झाकून नोंद ठेवता येत असे. ब्राउझरवाल्यांनी ते मान्य केलं नाही. झाकलेल्या नोंदीवरून खरा मालक हरकत घेणार कशी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं समाधानकारक उत्तर आजवर मिळालेलं नाही.

उरतो तो वाइल्डकार्डचा मार्ग. लेट्स एन्क्रिप्टने मार्च 2018 पासून वाइल्डकार्ड मोफत द्यायला सुरुवात केल्यावर तो सर्वांच्या आवाक्यात आला. नावं त्याने झाकली जातात, पण त्याचीही किंमत आहे. एकच किल्ली अनेक सर्व्हरांवर ठेवावी लागते. त्यांतला सर्वांत दुबळा सर्व्हर फुटला की सगळ्या सबडोमेन्सचा तोतया उभा करता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2021 मध्ये वाइल्डकार्डचा सढळ वापर टाळण्याचा सल्ला दिला तो याचसाठी.

घरगुती वापर करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. घरातला फोटोंचा सर्व्हर किंवा कॅमेरा एचटीटीपीएसवर आणताना अनेक जण यंत्राला स्वतःचं, मुलांचं किंवा सोसायटीचं नाव देतात. आपली यंत्रं खासगी जाळ्यात जोडून देणारी टेलस्केलसारखी सेवा आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट बजावते की एचटीटीपीएस सुरू केलं की यंत्राचं नाव सार्वजनिक नोंदीत जाईल. एकदा गेलेली नोंद मागे घेता येत नाही. मुदत संपलेल्या सर्टिफिकेटांचा लॉग पुढे बंद झाला तरी प्रती करून ठेवणाऱ्या सेवांकडे ती राहते. तेव्हा यंत्राला नाव देतानाच विचार केलेला बरा.

या सगळ्याचा रोख एकाच दिशेला जातो. सबडोमेनचं नाव गुप्त राहील हा भरवसा कधीच पक्का नव्हता आणि 2018 नंतर तर तो उरलाच नाही. चाचणीच्या जागेला पासवर्ड हवा, व्हीपीएनला दुसऱ्या टप्प्याची ओळख हवी, वर्डप्रेसचा फॉर्म आधी भरून मग नाव जोडायला हवं. नाव ठाऊक असलेल्या शत्रूपुढेही टिकेल अशीच व्यवस्था लागते. वहीने हे सत्य निर्माण केलं नाही, फक्त उजेडात आणलं.

नोंद होती, वाचणारा नव्हता

वहीने आपलं मूळ काम चोख केल्याचं सर्वांत मोठं उदाहरण सिमँटेकचं. 14 सप्टेंबर 2015 ला तिच्या थॉट शाखेतून गूगलच्या नावाचं एक सर्टिफिकेट निघालं. गूगलने ते वहीत पाहिलं. सिमँटेकने आधी 23 चाचणी सर्टिफिकेटांचा हिशेब दिला. आणखी खोदल्यावर 76 डोमेन्सची 164 सर्टिफिकेटं आणि कोणी विकतही न घेतलेल्या नावांची 2,458 सर्टिफिकेटं निघाली. जानेवारी 2017 मध्ये एसएसएलमेटचे अँड्र्यू एअर यांनी वही चाळून आणखी गैरप्रकार समोर आणले. सिमँटेकने तो व्यवसाय डिजीसर्टला विकला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये क्रोमच्या 70 व्या आवृत्तीने तिच्या जुन्या सर्टिफिकेटांवरचा विश्वास पूर्ण काढून घेतला. कुठल्याही सरकारी चौकशीविना एवढी मोठी कंपनी या धंद्यातून बाहेर पडली.

पण वही स्वतःहून ओरडत नाही. रशियन भाषकांमध्ये जुनी असलेली जॅबर डॉट आरयू ही संदेशसेवा जर्मनीतल्या सर्व्हरांवर चालत असे. ऑक्टोबर 2023 मध्ये तिच्या व्यवस्थापकाला जोडणी करताना 'सर्टिफिकेटची मुदत संपली' असा संदेश दिसला. सर्व्हरवरच्या सर्टिफिकेटची मुदत तर बाकी होती. शोध घेतल्यावर उघड झालं की कोणीतरी मधे बसून वाहतूक वाचत होतं. त्याने लेट्स एन्क्रिप्टकडून त्याच नावाची वेगळी सर्टिफिकेटं घेतली होती आणि त्यांतलं एक नवं करायचं विसरला होता. त्या सर्टिफिकेटांच्या नोंदी एप्रिलपासून वहीत होत्या. सहा महिने त्या पाहिल्या नव्हत्या कोणी.

यातून क्लाउडफ्लेअरसारखी मातब्बर कंपनीही सुटली नाही. तिच्या 1.1.1.1 या जगप्रसिद्ध डीएनएस पत्त्याची बारा सर्टिफिकेटं फिना या क्रोएशियातल्या संस्थेने फेब्रुवारी 2024 ते ऑगस्ट 2025 या काळात परवानगीशिवाय दिली. मायक्रोसॉफ्टच्या यादीत फिनाला मान्यता होती. नोंदी वहीत होत्या. क्लाउडफ्लेअर स्वतः लॉग चालवते, ग्राहकांना देखरेखीची सूचनासेवा देते, तरी स्वतःच्या या पत्त्याबाबत ती सूचना वेळेवर पोचली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये हे बाहेर आलं, तेव्हा कंपनीने ही चूक जाहीरपणे मान्य केली.

आपल्याकडे

भारतात हा विषय आता थेट सामान्य ठेवीदाराच्या दारात आला आहे. फसव्या साइट्सना आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत येण्यास सांगितलं. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था ही नावं देते. या आदेशात नागरी सहकारी बँकाही आल्या आणि देशात त्यांची संख्या सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहे. नव्या नावाबरोबर नवी सर्टिफिकेटं आली आणि ती सगळी वहीत चढली. मोठ्या बँकांकडे हे वाचायला स्वतंत्र माणसं असतात. तालुक्याच्या गावातल्या बँकेचं सगळं काम बहुतेकदा बाहेरच्या विक्रेत्यावर सोपवलेलं असतं आणि त्याने कोणती सबडोमेन्स उघडली याची यादी संचालक मंडळापुढे कधी येत नाही. वहीमुळे ती यादी मिळवायला आता विक्रेत्याची परवानगी लागत नाही. बँकेच्या लेखापरीक्षणात हा एक तक्ता जोडायचा ठरवलं, तर खर्च शून्य आहे.

कायद्याची रेषाही ठाऊक हवी. सार्वजनिक वही वाचणं म्हणजे कोणाच्या संगणकात शिरणं नव्हे. पण वहीत सापडलेल्या दारातून मालकाच्या परवानगीशिवाय आत जाणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या 43 व्या कलमात बसतं. ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर 66 व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्रुटी सापडलेल्या विद्यार्थ्याने पुढे काही करून पाहण्याऐवजी ती मालकाला किंवा सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवावी, हे शिकवणाऱ्यांनी पहिल्या तासालाच सांगायला हवं.

पुढचा टप्पा

सर्टिफिकेटांची मुदत झपाट्याने आखडते आहे. सप्टेंबर 2020 पासून ती 398 दिवसांवर आली. एप्रिल 2025 मध्ये ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट संस्था यांच्या मंचाने ॲपलचा प्रस्ताव स्वीकारला. त्यानुसार 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या त्याच तारखेपासून 100 आणि 2029 पासून 47 दिवस अशी मर्यादा ठरली आहे. मुदत आखडली की नोंदी वाढतात. लेट्स एन्क्रिप्टने एकट्याने फेब्रुवारी 2020 मध्येच शंभर कोटींचा टप्पा ओलांडला होता. हा भार पेलायला लॉग चालवणं स्वस्त करणारी नवी पद्धत आली आहे. फिलिपो वाल्सोर्दा यांचं 2024 मधलं सनलाइट हे त्यातलं महत्त्वाचं काम.

मालकाच्या हातात आज तीन साधी कामं आहेत. पहिलं, महिन्यातून एकदा आपल्या डोमेनचा तक्ता काढून प्रत्येक जिवंत नावापुढे जबाबदार माणसाचं नाव लिहिणं. ज्याला वाली नाही ते नाव डीएनएसमधून काढून टाकणं. दुसरं, सर्टस्पॉटरसारख्या सेवेकडून नव्या नोंदीची सूचना ईमेलवर मागवणं. तिसरं, डीएनएसमध्ये सीएए नावाची नोंद टाकून आपल्या नावाचं सर्टिफिकेट कोणत्या संस्थेने द्यायचं ते बांधून टाकणं. सप्टेंबर 2017 पासून प्रत्येक संस्थेला ती नोंद पाहणं बंधनकारक आहे. त्या नोंदीत आपल्या खात्याचा क्रमांकही घालता येतो. जॅबर डॉट आरयूने तो घातला असता, तर मधे बसलेल्याला त्याच लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट मिळवणं फार अवघड गेलं असतं.

47 दिवसांची मुदत आली की सर्टिफिकेट हाताने बदलत बसणं कोणत्याही संस्थेला परवडणार नाही. ते काम यंत्राकडे सोपवावं लागेल आणि सोपवण्याआधी आपली नावं किती, कोणत्या सर्व्हरवर आणि कोणाच्या ताब्यात, हे ठरवावं लागेल. ज्यांच्या कपाटात अशी यादी नाही, त्यांना ती वहीतून आजच उतरवून घेता येते.